ज्यांचे मूल स्वतःला इजा करते, त्या आईवडिलांना साथ कशी द्यावी

एखाद्या घरातले तेरा-चौदा वर्षांचे मूल स्वतःच्या शरीराला इजा करून घेऊ लागते, जेवणावर राग काढते, नशेच्या नादी लागते किंवा ‘मला जगायचंच नाही’ असे बोलून दाखवते, तेव्हा सगळ्यांचे लक्ष साहजिकच त्या मुलाकडे जाते. डॉक्टर, समुपदेशक, शाळा, नातेवाईक, सगळे त्याच्याविषयी विचारतात. त्याची आई रात्री किती वाजता झोपली आणि वडील शेवटचे धड कधी जेवले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक डॉक्टर त्या मुलाला आठवड्यातून फार तर तासभर पाहतात आणि उरलेला सगळा आठवडा ते आईवडिलांच्या हाती असते. गोळ्या वेळेवर देणे, मूड ओळखणे, दार आपटले तर मागे जायचे की थांबायचे हे क्षणात ठरवणे, हे सगळे त्यांनाच करावे लागते आणि तेच खचले तर उत्तमातला उत्तम उपचारही अर्ध्यावर सुटतो. त्यामुळे पुढचा मजकूर आईवडिलांसाठी नाही. त्यांच्या आसपासच्या मावशी, काका, शेजारी, वर्गशिक्षक आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी आहे.

यातली माझी पात्रता एवढीच की माझ्या चुलतभावाच्या घरी हे दीड-दोन वर्षे चालले होते आणि सुरुवातीला मी जे करू नये ते सगळे केले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भाची तेव्हा नववीत होती. बातमी कळली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, वहिनींनी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंतच्या वेळात मी म्हणाले, “तुम्ही दोघंही दिवसभर नोकरीला, पोर एकटी पडली असेल.” माझ्या मनात कळवळाच होता. वहिनींनी गॅस बंद केला, चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि त्यानंतर तीन आठवडे माझा फोन घेतला नाही. हेच वाक्य त्या स्वतःला दिवसातून शंभरदा ऐकवत होत्या, असे त्यांनी पुढे कधीतरी सांगितले. बाहेरच्या माणसाच्या तोंडून ते आले आणि त्यांच्या लेखी खटल्याचा निकाल लागला.

पहिल्या भेटीत काय बोलावे

कारण शोधायला जाऊ नये. मोबाइल, एकुलते एक मूल, आईची नोकरी, आजीचे लाड, इंग्रजी माध्यम, वेगळे राहणारे वडील, यांपैकी कोणतेही एक कारण उचलून त्या घरावर चिकटवणे फार सोपे असते आणि ते जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते. अशा वागण्यामागे बहुधा अनेक धागे एकत्र असतात. उपजत हळवा स्वभाव, नैराश्य किंवा चिंतेचा आजार, शाळेतली चेष्टा, अभ्यासाचा दबाव, घरातली भांडणे, कधी कोणाला न सांगितलेला अत्याचार, यांतले काय किती ते उलगडायला तज्ज्ञालाही काही भेटी लागतात. आपण चहाच्या कपात ते उलगडू नये. ‘संस्कार कमी पडले’, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’, ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल’ ही वाक्ये तर तोंडावर आली तरी गिळावीत. ‘सगळं ठीक होईल’ हेही म्हणू नये, कारण ते आपल्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक नाही हे समोरच्यालाही ठाऊक असते.

बोलायचे ते थोडके आणि साधे असावे. “तुम्ही मला सांगितलंत हे बरं केलंत. मी आहे. आत्ता सगळ्यांत जड काय जातंय?” एवढे विचारून गप्प बसावे. ही गप्प बसण्याची पायरी आपल्याकडे अवघड जाते, कारण कोणी दुःख सांगितले की उपाय सुचवणे हे आपण कर्तव्य समजतो. पाच मिनिटांची शांतता झाली तरी चालेल. त्या शांततेत आई किंवा वडील जे बोलतात, तेच पुढे कशी मदत करायची ते ठरवते. वहिनींशी माझे बोलणे पुन्हा सुरू झाले ते असेच. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. जुडी निवडून झाली तरी त्याच पानांतून पुन्हा हात फिरवत होत्या, कारण कान न्हाणीघराच्या दाराकडे होते. दाराची आतली कडी काढून टाकलेली होती आणि आत पाणी चालू असल्याचा आवाज थांबला की त्यांचा हातही थांबायचा. मी काही न बोलता शेजारी बसले आणि कांदा चिरायला घेतला. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, “मला घाबरून घाबरून आता तिचा राग यायला लागलाय हो.” असे वाक्य ऐकले की दचकू नये आणि ‘आईनं असं बोलू नये’ असे तर मुळीच म्हणू नये. इतक्या थकव्यात प्रेम आणि राग एकत्र येतातच, हे त्यांना कोणाच्या तरी चेहऱ्यावर दिसायला हवे असते.

हे वागणे काय असते

मदत करणाऱ्याला या विषयाची थोडी तरी समज हवी, नाहीतर तोही ‘नाटक’ हा शब्द वापरून मोकळा होतो. पुष्कळ मुले स्वतःला इजा करतात ती मरण्यासाठी नसते. अंगाबाहेर गेलेली भावना क्षणभर खाली उतरावी, सुन्नपणा जावा किंवा स्वतःला शिक्षा व्हावी, असा त्यामागे हेतू असतो आणि त्याने थोडा वेळ सुटका वाटत असल्यामुळे सवय जडते. बहुतेक मुले हे लपवतात. भर मेमध्ये पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसतात. त्यामुळे ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हा आरोप बहुधा वस्तुस्थितीलाही धरून नसतो आणि समजा लक्ष हवे असेल, तर ते का हवे आहे हा प्रश्न उरतोच. पण मरण्याचा हेतू नाही म्हणून हे किरकोळही नव्हे. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून प्रत्येक वेळी तज्ज्ञाचे मत घेतलेच पाहिजे.

या त्रासावर उपयोगी ठरलेल्या उपचारांपैकी एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केला. स्वतः तरुणपणी आपण याच अवस्थेतून गेलो होतो, असे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या उपचारातला एक धडा घरच्यांसाठी फार मोलाचा आहे. मुलाची भावना खरी मानणे म्हणजे त्याच्या कृतीला संमती देणे नव्हे. ‘तुला इतकं असह्य झालं होतं’ हे मान्य करून ‘आणि यावर आपण दुसरा मार्ग शोधू’ असे म्हणता येते. हे वाक्य आईवडिलांना मुलाशी बोलताना उपयोगी पडते, आणि आपल्याला आईवडिलांशी बोलताना. बापाने रागाच्या भरात मुलाचा फोन फोडला असेल, तर ‘तुम्ही किती घाबरला असाल’ हे आधी आणि ‘फोन फोडून काय साधलं’ हे नंतर, किंवा त्याच आठवड्यात नाहीच, बोललेले बरे.

प्रत्यक्ष कामे

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मराठी माणूस मनापासून म्हणतो आणि ते जवळजवळ निरुपयोगी असते. ज्याला काय लागते याचा विचार करायलाही डोके शिल्लक नाही, त्याच्यावरच आपण यादी करण्याचे काम टाकतो. त्याऐवजी काम, वार आणि वेळ ठरवून सांगावे. “मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा माझ्याकडून.” “धाकट्याला क्लासला मी सोडते आणि आणते, परीक्षा संपेपर्यंत.” “शनिवारी दुपारी तीन ते सहा मी घरात बसते, तुम्ही दोघं बाहेर पडा, झोपायचं असेल तर माझ्या घरी जाऊन झोपा.” त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे उरते. नाही म्हणाले तर आग्रह करू नये, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.

शनिवारच्या त्या तीन तासांविषयी थोडे जास्त सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. वहिनी पहिल्या शनिवारी गेल्याच नाहीत, दुसऱ्या शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आल्या आणि तिसऱ्या शनिवारी माझ्या घरी जाऊन अडीच तास झोपल्या. मुलाजवळ थांबणाऱ्याने काय करायचे हे आधी आईवडिलांकडून नीट समजून घ्यावे. गोळ्या कुठे आहेत, कोणते लक्षण दिसले तर लगेच फोन करायचा, खोलीचे दार किती वेळ बंद चालेल, हे सगळे विचारून घ्यावे. मुलाची उलटतपासणी घेऊ नये आणि त्याला उपदेशही करू नये. मी भाचीबरोबर पत्ते खेळत असे; ती हरली की मला शिव्या घालायची आणि ते मला फार बरे वाटायचे.

भाऊ वेगळ्या पद्धतीने मोडला होता, हे मला उशिरा कळले. कामावरून आल्यावर तो इमारतीखाली स्कूटर लावून तिच्यावरच वीस-वीस मिनिटे बसून राहायचा आणि मग जिना चढायचा. आपल्याकडे अशा वेळी बायका एकमेकींजवळ निदान रडतात. पुरुषाला ‘दादा, तुम्हीच असं केलं तर कसं’ एवढेच ऐकायला मिळते. म्हणून घरातल्या किंवा मित्रांतल्या एखाद्या पुरुषाने वडिलांची जबाबदारी घ्यावी. त्यांना समोरासमोर बसवून ‘मन मोकळं कर’ म्हणण्यापेक्षा बरोबर चालायला न्यावे, गाडी सर्व्हिसिंगला टाकायला सोबत जावे. खांद्याला खांदा लावून चालताना जे बोलले जाते, ते नजरेला नजर भिडली की बोलले जात नाही.

आईवडिलांमध्ये बहुतेक वेळा एक कडक आणि एक मऊ अशी विभागणी होते आणि त्यावरून दोघांत भांडणे पेटतात. दोघेही वेगवेगळ्या वेळी आपल्याला फोन करून दुसऱ्याची तक्रार सांगतात. या तक्रारी ऐकाव्यात, पण इकडचे तिकडे करू नये आणि पंच होऊ नये. ‘हे पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर दोघांनी मांडा, मी तोपर्यंत पोरीजवळ थांबते’ हे उत्तर दोघांनाही देता येते.

दवाखाना, इस्पितळ आणि कायदा

मनोविकारतज्ज्ञ हा औषधे लिहिणारा वैद्यकीय डॉक्टर असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो चाचण्या व मानसोपचार करतो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे लावतात, त्यामुळे शिक्षण आणि किशोरवयीन मुलांचा अनुभव विचारण्यात संकोच करू नये. थकलेल्या आईवडिलांना ही चौकशी जड जाते. ती आपण करून दोन-तीन नावे, फी आणि वेळ कागदावर लिहून द्यावी. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जाता येते, गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोविकार संस्थेत जाता येते. तिथे केसपेपर काढायला सकाळी लवकर रांगेत उभे राहणे, हेही साथ देण्याचेच काम आहे.

महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, आणि ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला न्या’ असले विनोद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आईवडिलांना मनोविकारतज्ज्ञाच्या जिन्यावर पाय ठेवताना हेच विनोद आठवतात. आपण त्यांच्याबरोबर तो जिना चढलो तर त्यातला बराच भार हलका होतो. तिथे ओळखीचे कोणी भेटले तर? आम्हाला भेटले, भावाच्या ऑफिसातले एक गृहस्थ स्वतःच्याच झोपेच्या तक्रारीसाठी आले होते आणि आमच्यापेक्षा तेच जास्त ओशाळले.

टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. ही सेवा फक्त त्रास असलेल्या मुलासाठीच आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पालकांनाही स्वतःसाठी किंवा मुलाशी कसे वागावे हे विचारण्यासाठी फोन करता येतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे.

आणीबाणीच्या वेळी मात्र हेल्पलाइनच्या आधी रुग्णवाहिका. १०८ किंवा ११२ लावावा, किंवा गाडी काढून जवळच्या इस्पितळाच्या अपघात विभागात न्यावे. मुलाने काही गिळल्याची नुसती शंका असली आणि ते वरून अगदी ठणठणीत दिसत असले, तरी थांबू नये, कारण काही परिणाम उशिरा दिसतात. मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्यासारखे घरगुती उपाय करू नयेत. सापडले ते पाकीट किंवा बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्यावी. अशा वेळी आईवडिलांचे डोके चालत नाही, म्हणून मुलाचे आधारकार्ड, जुने केसपेपर आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत आधीच घालून ठेवायला त्यांना मदत करावी.

इस्पितळाने पोलिसांना कळवले की घरचे हादरतात. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेतले ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार तर असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. पोलीस जबाब घेतात याचा अर्थ मूल आरोपी झाले असा होत नाही, हे आईवडिलांना शांतपणे समजावून सांगावे. त्या भीतीपोटी ‘पडली’, ‘भाजलं’ अशी खोटी कारणे डॉक्टरांना सांगितली, तर उपचार चुकतात.

याच कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल केले तर त्याच्याजवळ घरचे माणूस सतत थांबावे लागते. मुलगी असेल आणि तिची जबाबदारी वडिलांवर असेल, तर तिच्याजवळ एका स्त्रीने राहावे लागते. इथे आत्या आणि मावशीचा खरा उपयोग होतो. भाची दाखल होती त्या नऊ रात्रींपैकी चार मी काढल्या. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, हेही या कायद्यात आहे, म्हणून खिडकीवरच्या तोंडी ‘बसत नाही’ वर न थांबता लेखी उत्तर मागण्याचे काम घरातल्या एखाद्या चिवट माणसाने अंगावर घ्यावे.

आजी दृष्ट काढणार असेल तर काढू द्यावी. मीठ-मोहरीने कोणाचे नुकसान होत नाही आणि आजीलाही काही केल्याचे समाधान हवे असते. पण ‘बाहेरचं’ म्हणून कोणी बाबाकडे न्यायला, मारायला किंवा बांधून ठेवायला निघाले, तर तिथे भिडस्तपणा सोडून आडवे यावे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि साखळीने बांधणे हा गुन्हा आहे.

उपचारांच्या ओघात मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. करणारा घरातला किंवा नात्यातला निघाला तर सगळे कुटुंब ‘आपसात मिटवू’ म्हणून उभे राहते, आणि तेव्हा आईच्या बाजूने उभे राहणारे एक तरी माणूस लागते.

घरातली सुरक्षा आणि तो अवघड प्रश्न

जिवावर उठण्याचा तीव्र क्षण बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या क्षणी हाताशी काही धोक्याचे नसणे एवढ्यानेच अनेक जीव वाचतात. घरातली औषधे, आजी-आजोबांच्या गोळ्यांसकट, एका डब्यात कुलूपबंद ठेवावीत. शेतकरी घरात फवारणीची औषधे घरातच नव्हे तर गोठ्यातही उघडी ठेवू नयेत. ती काही महिने आपल्याकडे ठेवून घेण्याची तयारी शेजाऱ्याने दाखवली, तर ती मोठीच मदत ठरते. हे काम करताना आईवडिलांना आपण मुलाला कैदेत टाकतो आहोत असे वाटते. त्यांना सांगावे की घरात रांगते मूल आले की आपण विजेचे बोर्ड झाकतोच.

‘तिला मरणाचं विचारू का? विचारलं तर डोक्यात येईल’ ही शंका वहिनींनी मला विचारली होती आणि मला उत्तर माहीत नव्हते. ते डॉक्टरांकडून मिळाले. थेट, शांतपणे विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळाल्याने मुलाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. हाच प्रश्न आपण आईवडिलांनाही विचारायला हवा, आणि तो विचारायला आपल्याशिवाय कोणी नसते. “वहिनी, तुम्हाला स्वतःला जगणं नकोसं होतं का?” असे मी विचारले तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि उठूच नये.” पुढच्या भेटीत त्यांनीही स्वतःचा केसपेपर काढला.

डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ बऱ्याचदा मुलाबरोबर बसून सुरक्षा आराखडा लिहून घेतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेली ही साधी रीत आहे. लाट येते आहे हे कशावरून कळते, तेव्हा एकट्याने काय करायचे, मन रमायला कोणाकडे किंवा कुठे जायचे, मदत कोणाकडे मागायची, तज्ज्ञांचे आणि हेल्पलाइनचे क्रमांक कोणते आणि घरातून काय दूर ठेवायचे, हे एका कागदावर उतरवले जाते. त्यात आपले नाव घालायला आपली तयारी आहे का, हे मुलाने आणि आईवडिलांनी विचारण्याआधीच सांगावे. हो म्हटले तर रात्री दोनला फोन वाजला तरी उचलावा लागतो. जमणार नसेल तर दिवसाच्या कामांपुरते राहावे, त्यातही कमीपणा नाही.

लोक, भावंडे, सणवार

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय सांगायचे, हा आईवडिलांच्या जिवाला लागलेला आणखी एक घोर असतो. एक वाक्य ठरवावे आणि सगळ्यांनी तेच वापरावे. ‘तिची तब्येत ठीक नाही, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, सध्या भेटायला येऊ नये, आम्ही कळवू.’ यापुढचे प्रश्न आपल्याकडे वळवून घ्यावेत. मुलाची गोष्ट मुलाची असते. आपल्याला विश्वासाने सांगितलेली बाब नवऱ्यालाही सांगायची की नाही, हे विचारून घ्यावे. शाळेत मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक असतील तर ते, एवढ्यांनाच माहिती द्यावी, आणि शिक्षकांनी ती स्टाफरूममध्ये चघळू नये, हे मी पंचवीस वर्षे स्टाफरूममध्ये बसल्यानंतर सांगते आहे.

गौरी-गणपतीत घर माणसांनी भरते आणि कोणीतरी दूरची काकू मुलीचा हात धरून ‘हे काय गं लागलं’ विचारतेच. त्या वर्षी नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही नणंद-भावजयींनी वाटून घेतला आणि भाचीला हवे तेव्हा माझ्या घरी येऊन बसायची मोकळीक ठेवली. धाकट्या भावाचे मात्र आमच्या कोणाच्या लक्षात आले नव्हते. सहावीतला तो मुलगा घरात पावलांचा आवाज न करता चालायला शिकला होता. ‘त्रास न देणारा’ म्हणून सगळे त्याचे कौतुक करत होते आणि त्याला रोज रात्री पोटदुखी होत होती. अशा भावंडांना क्रिकेटला नेणारे, त्यांच्यावर रागावणारे, त्यांच्या प्रगतिपुस्तकात रस घेणारे एक माणूस ठरवूनच नेमावे लागते.

पुढचे महिने

इस्पितळातून घरी आल्यावर लोकांना वाटते की संकट टळले आणि डबे थांबतात. प्रत्यक्षात घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि किशोरवयीन मुलांमध्ये अशा गोळ्या सुरू करताना किंवा मात्रा बदलताना अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढतात का, यावर बारीक लक्ष ठेवावे लागते. तसे दिसले तर गोळ्या आपणहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. म्हणून डब्यांचे आणि शनिवारचे वेळापत्रक घरी आल्यापासून निदान तीन महिने चालू ठेवावे. मदत करणारे दोघे-तिघे असतील तर आळीपाळीने करावे, कारण एकटे माणूस सहा आठवड्यांत चिडचिडे होते आणि मग त्याची चिडचीड सांभाळण्याचे कामही आईवडिलांवर पडते. माझे तेच झाले होते. एका शनिवारी मी वहिनींवर डब्याच्या झाकणावरून ओरडले आणि नंतर दोन आठवडे सुट्टी घेतली.

पुन्हा इजा होण्याची शक्यता असते आणि त्याने उपचार वाया गेले असे ठरत नाही. दोन प्रसंगांमधले अंतर वाढते आहे का, मूल स्वतःहून सांगते आहे का, याकडे बघावे. ‘पुन्हा झालं’ असा फोन आला की आपल्या तोंडून ‘परत?’ हा शब्द निघू देऊ नये. ‘दवाखान्यात गेलात का? मी तिकडेच येते, धाकट्याला कुणी घेतलंय?’ असे विचारावे आणि निघावे. भाचीचा सुरक्षा आराखडा तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता आणि त्यात माझे नाव तिसरे होते. मध्यंतरी माझा फोन नंबर बदलला, तेव्हा बँकेच्या आधी मी त्या कागदावरचा बदलून घेतला. नाव कोणाच्या आराखड्यात असेल तर तेवढे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.